परसदार : कंद निघाले, आता ठेवायचे कसे?

संक्रांत झाली. भोगीच्या भाजीला गाजर, पावटा, वांगे घरच्या परसातूनच काढले असेल, तर त्या दिवशीचा आनंद काही वेगळाच असतो. पण परसाचा खरा ठेवा अजून मातीखालीच आहे. सुरणाचा पाला पिवळा पडून आडवा झाला आहे. रताळ्याच्या वेलाखाली वरंबे फुगून तडकले आहेत. बटाट्याचे वाफे महिन्या-पंधरा दिवसांत काढणीला येतील. लावणी, खुरपणी, पाणी, सारे निगुतीने केले. आता उरले ते चार दिवसांचे काम. आणि बहुतेक घरी माल बिघडतो तो याच चार दिवसांत.

मागच्या बाजारच्या दिवशी एका भगिनीने मला वाटेत गाठले. म्हणाली, "ताई, गेल्या साली घरचे दोन पोती बटाटे ठेवले. होळीला पोते हलवायला गेले तर खाली पाणी सुटलेले. आमच्या घराची जागाच ओलसर, त्याला काय करावे?" मी तिला विचारले, "काढले कसे होते?" तर म्हणाली, "ते आमच्या घरच्यांनी नि गड्याने काढले, मला काय ठाऊक!"

म्हणून आजचे हे लिहिणे वाचून झाले की कारभाऱ्यांनाही वाचून दाखवा. ठेवणे बाईच्या हाती आणि काढणे पुरुषाच्या, अशी वाटणी झाली की कंद मधल्यामध्ये सडतो.

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी स्वतःची फजिती सांगते. लग्न होऊन मला दोनतीन वर्षे झाली होती. घरात नणंदेचे लग्न निघाले, मांडवाची घाई, म्हणून बटाटा आठ दिवस आधीच उपटायचे ठरले. दोन दिवसांपूर्वीच वाफ्याला पाणी दिलेले. चिखलातून कुदळीने भराभर काढले, निम्मे तर तुटले-सोलले. त्यात मी हौशी. पाहुणे येणार म्हणून सगळे बटाटे विहिरीवर नेऊन घासून धुतले, लखलखीत केले, पोत्यात गच्च भरले आणि पत्र्याच्या सोप्यात थप्पी लावली. लग्न पार पडले. तीन आठवड्यांनी सोप्यात शिरवेना, असा वास! चार पोत्यांतले एक पोतेसुद्धा धड निघाले नाही.

सासूबाई रागावल्या नाहीत. कुजके निवडता निवडता एवढेच म्हणाल्या, "सूनबाई, हे काही दगडगोटे नव्हेत. याला घाम येतो." त्याचा अर्थ मला मृगाच्या तोंडावर कळला. बी-खतात पैसा अडकलेला, गाठीला रुपया नाही, परसात हिरवी काडी नाही, आणि घरात पेरणीच्या गड्यांना जेवायला घालायचे. तेव्हा दुकानातून उधारीवर बटाटा आणावा लागला, आणि ती उधारी सुगीपर्यंत फिटली नाही. एका पाटीभर कंदाची किंमत जानेवारीत कळत नाही, ती ज्येष्ठ-आषाढात कळते.

तर घाम येतो म्हणजे काय? धान्य आपण कडक वाळवून ठेवतो, तसा कंद वाळवलेला नसतो. त्यात तीन हिश्श्यांहून जास्त पाणीच असते आणि तो काढल्यानंतरही जिवंत असतो. श्वास घेतो, ऊब टाकतो, ओल सोडतो. जखम झाली तर तिच्यावर खपली धरतो. काही दिवस झोपतो, आणि झोप पुरी झाली की डोळे फोडून उठतो. आपल्याला करायचे ते इतकेच, की त्याची जखम भरू द्यायची, मग त्याला श्वास घेता येईल अशा थंड जागी निजवायचे.

इथे एक गोष्ट आठवली. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे पुष्कळांनी ऐकली असतील. जमिनीत खोल खोदलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षे राहत असे. २००५च्या महापुराने त्यांतल्या बऱ्याच पेवांची नासाडी केली. ते ऐकून एखाद्याला वाटते, मग आपणही खड्डा खणून रताळी-बटाटे पुरून टाकावेत. तसे नाही, बरे का. पेवात जाते ती शिजवून, कडक वाळवून काढलेली हळद. ती श्वास घेत नाही. उलट पेवात हवा कोंडते म्हणून कीडच गुदमरते. माणूससुद्धा गुदमरतो. म्हणून तर धान्याचे असो की हळदीचे, पेव उघडले की लगेच कोणी आत उतरायचे नसते. जिवंत कंद असा हवाबंद केला तर आठवड्यात त्याचे पाणी होते. खड्डा करायचा तर तो उथळ, सावलीतला आणि वर हवेला वाट ठेवलेला हवा.

आता बटाट्याचे पाहू, कारण नुकसान सर्वांत जास्त त्याचेच होते.

काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाणी तोडावे. त्याच सुमारास पाला जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर न्यावा. पाला गेला की मातीतल्या बटाट्याची साल आवळते. एक बटाटा उकरून अंगठ्याने जोराने घासून पाहावा. साल सोलली तर अजून थांबा, नाही सोलली तर कुदळ घ्या. कुदळ वरंब्याच्या पोटात मारू नये, बाजूने घालून माती उचलावी. तुटके, कापलेले बटाटे जागच्या जागी वेगळ्या पाटीत टाकावेत. ते आठवड्यात खाऊन संपवायचे. चांगल्यांना पाणी लावू नये. माती सुकली की हाताने झटकली तरी पुरते. थोडी राहिली तर राहू द्या, ती बटाट्याला टोचत नाही.

काढलेला बटाटा रानात रात्रभर उघडा टाकू नका. संध्याकाळी बारीक करड्या रंगाचे पतंग हिंडतात, ते बटाट्याच्या डोळ्यांपाशी अंडी घालतात. पुढे अळी आत शिरून बोगदे करते आणि डोळ्याच्या तोंडाशी काळपट विष्ठा दिसू लागते. आपल्याकडच्या उबदार हवेत साठवणीच्या बटाट्याचा हा मोठा वैरी. आणि झाकायचे म्हणून बटाट्याचाच कापलेला पाला वर टाकतात, ती तर चोराच्या हाती किल्ली. पाला सुकू लागला की त्यातली अळी खाली उतरून बटाट्यात शिरते. झाकायला गवत, कडबा, गोणपाट काहीही घ्या, बटाट्याचा पाला मात्र नको. खरे तर ही कीड रानातच लागते. माती भेगाळून बटाटे उघडे पडले की पतंगाचे फावते. ज्यांचा बटाटा अजून उभा आहे त्यांनी आजच वरंब्याला मातीची भर द्यावी.

मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी ढीग करून वर गवत पसरून दहा-पंधरा दिवस ठेवावा. याच दिवसांत बारीकसारीक जखमा भरतात. त्यानंतर निवड करून घरातल्या थंडातल्या थंड जागी ठेवावा. पत्र्याखाली नको. चुलीच्या भिंतीला लागून नको. मातीची जमीन असलेले जुने माजघर, किंवा उत्तरेकडची खोली चांगली. खाली कडूनिंबाचा वाळलेला पाला, त्यावर बटाटे पसरून, वर पुन्हा पाला. ढीग गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नये, मधल्या बटाट्यांना हवा मिळत नाही. काही ठिकाणी घाणेरीचा वाळलेला पाला घालतात. पतंगाला तो अटकाव करतो हे खरे, पण गुरांना तो विषारी आहे. गोठा घराला लागून असेल तर मी तरी कडूनिंबावरच भागवीन.

आणि अंधार! खिडकीतून ऊन नव्हे, नुसता उजेड आला तरी बटाटा हिरवा पडतो. त्या हिरवेपणाबरोबर सोलॅनिन नावाचे विष तयार होते. चव कडवट लागते, जास्त खाल्ले तर उलट्या होतात, पोटात मुरडा येतो, आणि शिजवूनही ते जात नाही. थोडा डाग असेल तर खोलवर कापून टाकावा. सगळा हिरवा झाला असेल तर टाकूनच द्यावा. "उकडला की चालतो" असे म्हणून लेकरांना देऊ नये.

गंमत अशी, की बियाण्याचा बटाटा असेल तर नेमके उलटे. त्याला ऊन नको, पण उजेड हवा. एक-दोन थरांत फळीवर किंवा पसरट करंडीत ओसरीला ठेवला की हिरवा पडतो, पण त्याचे मोड आखूड, जाड आणि मजबूत येतात. अंधारातले मोड लांब, पांढरे, हात लावताच मोडणारे. म्हणून खायची आणि बियाण्याची पाटी पहिल्या दिवसापासून वेगळी करावी. बियाण्याला औषध लावले असेल तर त्या पाटीला लाल चिंधी बांधा आणि ती पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. असा बटाटा पुढे कितीही अडचण आली तरी खायचा नाही.

इतके सारे करूनही फेब्रुवारीचा घरचा बटाटा आपल्या उन्हाळ्यात मे महिन्याच्या पुढे फारसा धड राहत नाही, हे सांगून ठेवते. सुरकुततो, मोड धरतो. आषाढापर्यंत हवा असेल तर शीतगृह, नाहीतर चैत्राच्या उन्हात कीस, पापड, चकत्या. पुढची भिस्त बटाट्यावर नको. ती सुरणावर ठेवावी, त्याचे पुढे सांगते.

रताळ्याची तऱ्हा आणखी निराळी. तयार झाले की नाही हे पाहायला एक रताळे काढून मधोमध कापावे आणि थोडा वेळ ठेवावे. कापलेला भाग स्वच्छ कोरडा झाला तर तयार. काळपट-हिरवट पडला तर कोवळे आहे, थांबावे. रताळ्याची साल फार नाजूक, बटाट्याहूनही. पाटीत आपटू नये, पोत्यात दाबू नये, बैलगाडी किंवा टेम्पोत टाकताना खाली वेल अंथरावेत.

बटाट्याला थंडावा, पण रताळ्याला ऊब लागते. काढल्यावर पाचसहा दिवस उबदार, किंचित दमट जागी ठेवले तर त्याची जखम भरते आणि गोडीही वाढते. आता देशावर दिवसा ऊन असते पण रात्री हुडहुडी भरते. तेव्हा रात्री उघड्यावर न ठेवता गोणपाट पांघरून घरात घ्यावे. थंडी खाल्लेले रताळे बाहेरून ठीक दिसते, पण उकडले की मधला गाभा टणकच राहतो. याच कारणाने ते फ्रिजमध्येही ठेवू नये. हल्ली घरोघरी फ्रिज आला आहे, आणि आमच्या सुना जे दिसेल ते त्यात कोंबतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

नंतर कोरडी वाळू किंवा चुलीची चाळलेली राख घेऊन तिच्या थरांत, एकमेकांना न चिकटतील अशी रताळी ठेवावीत. दोन-अडीच महिने सहज राहतात. महाशिवरात्र निघते, आषाढी एकादशी मात्र निघत नाही. त्यासाठी होळीनंतर उरलेल्या रताळ्यांच्या पातळ चकत्या करून कडक उन्हात वाळवाव्यात. उपासाला पीठही होते.

रताळ्यात बारीक छिद्रे दिसली, कापल्यावर आत काळे बोगदे आणि कडू उग्र वास आला तर तो सोंड्या भुंग्याचा प्रताप. असे एकच रताळे साठवणीत गेले तर भुंगे पिलावळ वाढवून सगळी पाटी खातात. आता नीट वाचा. किडके, बुरशी आलेले रताळे "वाया कशाला घालवा" म्हणून आपण गाईम्हशींपुढे टाकतो. ते मुळीच टाकू नये. बुरशी लागलेल्या रताळ्यात असे विष तयार होते, की त्याने जनावराच्या फुफ्फुसाला सूज येते, धाप लागते आणि जनावर दगावतेसुद्धा. पाटीभर रताळी वाचवायला जाऊन गोठ्यातली गाय गमवायची, हा सौदा कोणी करू नये.

लावणीसाठी रताळी ठेवण्यापेक्षा वेल जगवावेत. न्हाणीच्या सांडपाण्यावर दोन हाताचा वाफा करून किडीशिवायच्या चांगल्या वेलांचे शेंडे त्यात आताच लावून टाका. जूनमध्ये बाहेरून वेल आणावे लागणार नाहीत.

सुरण हा खरा बेगमीचा कंद. पाला पूर्ण वाळून पडल्याशिवाय त्याला हात लावू नये. भोवतीने मोकळे खणून मग खालून उचलावा, वरच्या बोखाला धरून ओढू नये. मुळ्या आणि माती काढून चारपाच दिवस सावलीत ठेवला की मग माळ्यावर, फळ्यांवर एकेरी थरात, एकमेकांना टेकू न देता ठेवावा. त्याला ना वाळू हवी ना पोते. फक्त वारा हवा. जमीन निचऱ्याची असेल आणि तिथे लगेच दुसरे पीक घ्यायचे नसेल तर लागेल तसा खणून काढला तरी चालतो, मात्र वळवाच्या आधी सगळा वर यावा. कोकणातल्या भगिनी कोनफळ आणि कणगर अशीच हवेशीर ठेवतात.

कोरताना हाताला तेल लावावे आणि भाजीत चिंच किंवा आमसूल घालावे, हे मी सांगायला नकोच. खाज सुटते ती त्यातल्या सुईसारख्या बारीक खड्यांनी. ठेवून मुरलेला सुरण कमी खाजतो असे जुन्या बायका सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे.

सुरणाच्या बाबतीत घरोघरी होणारी चूक वेगळीच आहे. तो टिकतो, म्हणून खात खात आपण एप्रिलपर्यंत येतो, आणि लावणीच्या वेळी पाहावे तर चांगले कंद पोटात गेलेले, उरले ते खुरटलेले. मग बियाणे विकत आणा. सुरणाचे बेणे वजनावर घ्यायचे, म्हणजे ते स्वस्त नाही. सासूबाई कंद निघाले त्याच दिवशी सर्वांत घाटदार, निरोगी असे दहाबारा निवडून त्यांना चुन्याचा टिळा लावीत. टिळ्याचा सुरण पाहुणा आला तरी चिरायचा नाही, असा घरचा दंडक. बेणे आत्ता कापून ठेवू नये. लावणीच्या वेळीच कापावे, प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग यावा, फोड शेणकाल्यात बुडवून सावलीत सुकवावी आणि मग लावावी.

आल्याचे थोडक्यात. घरापुरते आले वाफ्यातच राहू द्यावे, लागेल तसे काढावे. बेण्याचे आले सावलीत उथळ खड्डा करून वाळूच्या थरांत ठेवावे, वर दोनचार बोटे जागा मोकळी सोडून भोक पाडलेली फळी झाकावी आणि महिन्यातून एकदा उघडून सडके वेचावे. अळकुड्या कोरड्या वाळूत चांगल्या राहतात.

गाजर आणि बीट यांना वरच्यासारखे सुकवणे अजिबात चालत नाही. ती पाणचट मुळे, वारा लागला की लिबलिबीत होतात. पाला पिळून काढावा, नाहीतर तोच मुळातले पाणी ओढून घेतो. बिटाचा देठ बोटभर ठेवावा आणि शेपटी कापू नये, कापली की लाल रस गळत राहतो. मग ओलसर वाळूत, माठात किंवा जुन्या घमेल्यात. दिल्लीच्या पुसा संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणून जी विटांची टाकी काढली आहे, ती या कामाला फार सोयीची. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर फट, फटीत वाळू, तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण आणि डोक्यावर सावली. वीज लागत नाही. पण कांदे आणि सुरण तिच्यात घालू नका, ती ओल त्यांना मानवत नाही. मुळ्याची साठवण करायच्या भानगडीत पडू नये. तो आतून पोकळ होतो. खाऊन टाकावा, वाटावा.

एवढे लावून झाले की आपण दार ओढून घेतो आणि विसरतो. तसे करू नका. आठवड्यातला एक वार ठरवा. त्या दिवशी साठवणीच्या खोलीत आधी नुसते उभे राहून वास घ्या. डोळ्यांना कुजका दिसायच्या आधी तो नाकाला कळतो. मग पाटीत हात घालून मऊ लागेल तो कंद बाहेर काढा आणि त्याच्या शेजाऱ्यांनाही पुसून, पाहून ठेवा. मोड आलेला बटाटा आधी चुलीवर चढवा, मोड आणि डोळा खोल कोरून. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवले असतील तर ते आजच वेगळे करा. बटाट्याच्या ओलीने कांदा लवकर सडतो.

आणि बाजारात भेटलेल्या त्या भगिनीसाठी: तुमच्या घराची जागा ओलसर असेलही, पण पोते आणि जमीन यांच्यामध्ये चार विटा आणि दोन फळ्या आल्या की तो प्रश्न निम्मा मिटतो. भिंतीपासून हातभर लांब ठेवा. पोते भरायचेच तर विरळ जाळीचे घ्या आणि उभ्या थप्पीऐवजी एकेक आडवे ठेवा. गेल्या साली ज्या कोपऱ्यात सडले, तो कोपरा यंदा आधी सारवून, चुना मारून, चांगला वाळू द्या. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात घाला, त्यांच्या शिवणीत अळीचे कोष दडलेले असतात. जे सडके निघेल ते शेणखताच्या उकिरड्यावर फेकू नका, ती रोगराई पुन्हा शेतातच जाते. परसापासून लांब खोल खड्ड्यात पुरा. आणि त्या वाफ्यात यंदा बटाटा लागवडीऐवजी मका किंवा घेवडा घ्या.